घर घेण्याचा हंगाम: पाहणी केव्हा, सौदा केव्हा, दस्त केव्हा

घर घेण्यासाठी वर्षातला कोणता काळ उत्तम, असे विचारले की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. घरातली वडीलधारी माणसे पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा सुचवतात, आणि एजंट बाराही महिने ‘आत्ताच घ्या, पुढच्या महिन्यात भाव वाढणार आहेत’ असे सांगत असतो. पहिल्या उत्तरामागे श्रद्धा असते आणि दुसऱ्यामागे दलाली. घर नीट आहे का, भाव वाजवी आहे का आणि कागद वेळेत होतील का, या तीन प्रश्नांशी दोन्ही उत्तरांचा फारसा संबंध नसतो.

घर घेण्याचा एकच उत्तम महिना शोधू नये, असे माझे मत आहे. घर पाहणे, भाव ठरवणे आणि दस्त (खरेदीचा करार) नोंदवणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाचा हंगाम वेगळा आहे. ज्याला आठ-दहा महिन्यांचा अवधी काढता येतो, त्याने ही कामे आपापल्या हंगामात उरकावीत. पुढचे विवेचन प्रामुख्याने मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यातील सदनिकांना धरून केले आहे. नागपूर किंवा कोल्हापूरच्या वाचकाने त्यात आपल्याकडच्या हवामानाप्रमाणे फेरफार करावा.

पाहणी पावसात करावी

मुंबई-पुण्यात पावसाळा साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत रेंगाळतो. या काळात घरे पाहायला जाणाऱ्यांची संख्या घटते, कारण चिखलातून आणि वाहतुकीच्या कोंडीतून रविवारी चार इमारती हिंडण्याचा उत्साह फार थोड्यांना असतो. परंतु जुनी सदनिका घ्यायची असेल, तर जुलैमध्ये तीन-चार दिवस सलग पाऊस झाल्यानंतरची पाहणी जे सांगते, ते जानेवारीतल्या दहा पाहण्याही सांगू शकत नाहीत.

अशा दिवशी घरात गेल्यावर दिवाणखान्याच्या सजावटीकडे न पाहता प्रथम कोपरे पाहावेत. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतींवर झोडपतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्यांचे खालचे दोन्ही कोपरे हाताने चाचपावेत. ओल असेल तर पुट्टी बोटाखाली मऊ लागते आणि रंगाचे पोपडे सुटू लागलेले दिसतात. भिंतीला टेकून ठेवलेले कपाट मालकाच्या परवानगीने थोडे पुढे ओढून मागची भिंत पाहावी. न्हाणीघराच्या छताचे फॉल्स सीलिंग उघडता येत असेल तर आत टॉर्च मारावा, कारण वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची गळती तिथेच लपलेली असते, आणि अशी गळती केवळ पैशाने सुटत नाही. त्यासाठी वरच्या शेजाऱ्याची संमती लागते. सर्वात वरच्या मजल्यावरचे घर असेल तर गच्चीवर जावे. गच्चीवर पत्र्याची शेड घातली असेल किंवा निळी ताडपत्री पसरली असेल, तर स्लॅब गळत होता हे सोसायटीने स्वतःच कबूल केले आहे असे समजावे. ऑक्टोबरनंतर पाहणी करण्याची वेळ आलीच, तर संपूर्ण घराला जुना रंग आणि एकाच भिंतीला ताजा रंग असे कुठे दिसते का, याकडे लक्ष द्यावे.

घराबाहेरची पाहणी याहूनही महत्त्वाची आहे, कारण घराची गळती दुरुस्त होते, पण रस्त्याची पातळी आपल्याला बदलता येत नाही. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचते का, वीजमीटरची खोली तळमजल्यावर किती उंचीवर आहे, तळघरातील पार्किंगमधले पाणी उपसायला पंप आहे का, हे प्रश्न सोसायटीच्या सचिवांपेक्षा वॉचमनला विचारावेत. मागच्या वर्षी गाड्या कुठून ढकलाव्या लागल्या, हे तो जागेवर नेऊन दाखवतो. कुंपणाच्या भिंतीवर पाण्याच्या जुन्या रेषा राहिलेल्या असतात, त्याही पाहाव्यात.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी पाणी कुठवर आले होते, हे विचारले तर मुंबई उपनगरांतल्या जुन्या रहिवाशांना आजही नेमके सांगता येते. पुण्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत विसर्ग वाढवला की सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या परिसरात पाणी शिरते, आणि जुलै २०२४ मध्ये तर तेथील इमारतींच्या तळमजल्यांत पाणी भरले होते. नदीकाठच्या कोणत्याही घरासाठी निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा पाहणे आवश्यक आहे. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. नकाशावर घर रेषेबाहेर असले, तरी घराकडे जाणारा रस्ता रेषेच्या आत नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा भर पावसातच तिथे जावे लागते.

पाण्याचा प्रश्न मात्र मे महिन्यातच विचारावा

पावसाळ्यात न दिसणारी एक उणीव उन्हाळ्यात दिसते, ती म्हणजे पाणीपुरवठा. पुण्यातील वाघोली, उंड्री, बाणेर-बालेवाडी, ठाण्यातील घोडबंदर रस्ता, वसई-विरार अशा वेगाने वाढलेल्या भागांत अनेक सोसायट्या एप्रिल-मे महिन्यांत टँकरवर अवलंबून असतात. ‘पाणी येते का’ असा प्रश्न विचारला तर उत्तर नेहमी होकारार्थीच येते. म्हणून ‘मागच्या मे महिन्यात रोज किती टँकर लागले आणि त्याचे बिल मेंटेनन्समध्ये धरले होते की वेगळे घेतले’ असे विचारावे, आणि शक्य असल्यास सोसायटीचे त्या महिन्याचे हिशेब पाहावेत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट करण्यात आली. तेव्हा गाव महापालिकेत आले, एवढ्यावरून महापालिकेचे पाणीही पोहोचले असे गृहीत धरू नये.

पश्चिमेकडे तोंड असलेला दिवाणखाना मे महिन्यात दुपारी चार वाजता किती तापतो, हेही याच फेरीत कळते. विदर्भातल्या वाचकाने तर पावसाळी पाहणीपेक्षा या पाहणीलाच अधिक वजन द्यावे.

सप्टेंबरमधला एक कागद

जुन्या सदनिकेच्या बाबतीत वर्षातला एक काळ फारसा कोणी लक्षात घेत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रत्येक सभासदाकडे सभेची सूचना, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षित हिशेब आलेले असतात. विकणाऱ्या मालकाकडून हा संच मागून घ्यावा. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक सदनिकेमागे दोन-तीन लाखांची वर्गणी काढण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर असेल, लिफ्ट बदलायची असेल, पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल किंवा संस्थेवर एखादा दावा चालू असेल, तर ते इथे छापील स्वरूपात मिळते. जो मालक हा अहवाल दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्याशी भावाची बोलणी लांबवणेच शहाणपणाचे. वर्गणीचा ठराव सभेत मंजूर झाला असेल, तर ती रक्कम कोणी भरायची हे साठेखतात (विक्रीच्या करारात) स्पष्ट लिहून घ्यावे. एरवी हस्तांतरणानंतर संस्था ती नव्या सभासदाकडेच मागते. हस्तांतरण अधिमूल्यासाठी, म्हणजे सदनिका नव्या मालकाच्या नावे करताना संस्था घेते त्या रकमेसाठी, मात्र कमाल २५,००० रुपयांची मर्यादा आहे. त्याहून अधिक रक्कम ‘देणगी’ म्हणून मागितली जात असेल, तर तीही माहिती सौद्याआधीच हाती असलेली बरी.

भाव पितृपक्षात ठरवावा

भाद्रपदाच्या कृष्ण पक्षातील पंधरवडा, म्हणजे पितृपक्ष, बहुतेक मराठी आणि गुजराती कुटुंबे मोठ्या खरेदीसाठी वर्ज्य मानतात. या काळात बुकिंग रोडावते, एजंटांचे फोन शांत होतात आणि बिल्डरच्या विक्री कार्यालयात खुर्च्या रिकाम्या दिसतात. ज्याला श्रद्धेची अडचण नाही, त्याच्यासाठी वाटाघाटीला याहून सोयीचा काळ वर्षात नाही. ज्याला अडचण आहे, त्यानेही हा पंधरवडा वाया घालवू नये. बोलणी करण्यास, वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल) मागवण्यास आणि बँकेत कर्जाचा अर्ज देण्यास कोणतेही शास्त्र आड येत नाही. भाव तोंडी ठरवून टोकनची रक्कम घटस्थापनेला द्यावी. दोन्ही पक्षांचे समाधान होते.

अधिक महिन्यातही बाजार असाच मंदावतो. २०२३ साली श्रावण अधिक होता आणि २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे. भाद्रपदापर्यंत अधिक महिना आला की त्या वर्षी नंतरचे सण पुढे सरकतात आणि पितृपक्षही सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये जातो, हे आपले वेळापत्रक आखताना ध्यानात ठेवावे.

मंदावलेला बाजार म्हणजे स्वस्त बाजार नव्हे. घरांचे भाव भाजीसारखे आठवड्याला उतरत नाहीत, आणि पितृपक्षात कोणी जाहीर दर कमी करत नाही. या काळात मिळते ती ऐकून घेण्याची तयारी. दसऱ्याच्या आठवड्यात ज्या विक्री अधिकाऱ्याला तुमच्यासाठी दहा मिनिटे नसतात, तोच इथे तासभर बसतो आणि ‘साहेबांशी बोलतो’ म्हणून आत जातो. त्या तासाचा उपयोग होण्यासाठी आपल्या हातात आकडा असावा लागतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेत त्या इमारतीतील आधी नोंदलेल्या दस्तांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचे सारांश उतारे, पाहता येतात. त्यात सदनिकेचे क्षेत्रफळ, मोबदला आणि नोंदणीची तारीख असते. एजंटने सांगितलेला ‘चालू भाव’ आणि मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष नोंदलेला भाव यांत कधी कधी एवढे अंतर निघते की पुढची बोलणी आपोआप सोपी होतात.

सणांच्या ऑफर

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी पाडवा या साडेतीन मुहूर्तांच्या आसपास वर्तमानपत्रांची पहिली पाने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी भरतात. सोन्याचे नाणे, मॉड्युलर किचन, प्रत्येक खोलीत एसी किंवा ‘स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून’ अशी त्या ऑफरची रूपे असतात. या ऑफर खोट्या नसतात, परंतु वस्तूच्या रूपात घेतल्या तर तोट्याच्या असतात. हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

पुणे महापालिका हद्दीत बांधकाम सुरू असलेल्या एका प्रकल्पात ८० लाख रुपयांची सदनिका आहे असे धरू. त्यावर ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार, ५ टक्के दराने जीएसटी ४ लाख आणि नोंदणी फी कमाल मर्यादेनुसार ३० हजार रुपये होते. बिल्डर ३ लाखांचे मॉड्युलर किचन ‘मोफत’ देऊ करतो. त्याऐवजी तेच ३ लाख करारातील किमतीतून कमी करून ती ७७ लाख करून घेतली, तर मुद्रांक शुल्कात २१ हजार आणि जीएसटीत १५ हजार, असे आणखी ३६ हजार रुपये वाचतात, आणि स्वयंपाकघर आपल्याला हवे तसे, हवे तेव्हा करता येते. यात एकच अट आहे. सरकारी मूल्यांकन, म्हणजे सरकारच्या वार्षिक दरांनुसार ठरणारी किंमत, ७७ लाखांपेक्षा अधिक निघत असेल, तर मुद्रांक शुल्क त्या मूल्यांकनावरच आकारले जाते आणि तेवढी बचत होत नाही. दस्त फक्त स्त्रियांच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. ती सणावर अवलंबून नाही, पण ऑफरच्या गोंधळात तिचा विसर पडतो.

सणाच्या मुहूर्तावर ‘प्री-लाँच’ नावाने मागितले जाणारे धनादेश मात्र मुळीच देऊ नयेत. महारेरात, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदणी होण्यापूर्वी प्रकल्पाची जाहिरात किंवा विक्री करता येत नाही, आणि नोंदणीनंतरही साठेखत नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मुहूर्त चुकेल म्हणून हा नियम कोणी शिथिल करण्यास सांगत असेल, तर तिथून उठून यावे.

मुहूर्ताविषयी एक गोष्ट गंमत म्हणून सांगण्यासारखी आहे. पाडवा, दसरा आणि बलिप्रतिपदा या दिवशी राज्यात सार्वजनिक सुट्टी असते आणि दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांचे कार्यालय सहसा बंद असते. त्यामुळे ‘दसऱ्याला घर घेतले’ असे म्हणणाऱ्या बहुतेकांनी त्या दिवशी टोकनचा धनादेश दिलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने घर नंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी नावावर झालेले असते.

दस्त मार्चच्या गर्दीत नको

राज्यातील वार्षिक बाजारमूल्य दर, ज्यांना आपण रेडी रेकनर म्हणतो, साधारणपणे १ एप्रिलपासून बदलतात. त्यामुळे फेब्रुवारी संपला की ‘३१ मार्चच्या आत दस्त करा’ असा धोशा सुरू होतो. २०२३ आणि २०२४ मध्ये दर वाढले नव्हते, तर १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी चार टक्क्यांच्या आसपास वाढ झाली. ही वाढ आपल्याला लागू होते का, हे आधी पाहावे. मुद्रांक शुल्क करारातील मोबदला आणि सरकारी मूल्यांकन यांपैकी जे अधिक असेल त्यावर घेतले जाते. करार ८० लाखांचा आणि मूल्यांकन ६८ लाखांचे असेल, तर मूल्यांकन चार टक्क्यांनी वाढून ७१ लाखांच्या जवळ गेले तरी आपल्या शुल्कात एक रुपयाचाही फरक पडत नाही. घाई त्यांनीच करावी ज्यांचा मोबदला मूल्यांकनाच्या बरोबरीने किंवा त्याखाली आहे. शिवाय मूल्यांकन मोबदल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक वर गेले, तर त्या फरकावर खरेदीदाराला आयकराचाही प्रश्न येतो, म्हणून अशा सौद्यात सनदी लेखापालाचा सल्ला एप्रिलपूर्वीच घ्यावा.

ज्यांना खरोखर मार्च गाठायचा आहे त्यांच्यासाठी एक सोय आहे. मुद्रांक शुल्क भरून आणि दस्तावर सह्या करून ३१ मार्चपूर्वी तो निष्पादित केला, तर नोंदणी कायद्यानुसार सहीच्या तारखेपासून चार महिन्यांत तो नोंदवता येतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बंद पडल्याने टोकन क्रमांक घेऊन संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसलेली वृद्ध मंडळी पाहिली, की ही तरतूद अधिक लोकांना माहीत असायला हवी असे वाटते.

सरकारी निर्णयाने एखादा काळ खरोखर स्वस्त झाला, असे उदाहरण अलीकडे एकच ठळक आहे. करोनाच्या काळात राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सूट दिली होती. डिसेंबर २०२० मध्ये एकट्या मुंबईत साडेएकोणीस हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. अशी सूट सांगून येत नाही, आणि तिची वाट पाहत बसणे हा काही खरेदीचा बेत होऊ शकत नाही. ती जाहीर झाली तर लाभ घेण्याजोगी कागदांची तयारी असावी, एवढेच आपल्या हाती आहे.

एरवी नोंदणीसाठी जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ मला सर्वात सोयीचा वाटतो. कार्यालयात गर्दी आटोक्यात असते आणि बँकेतील विधी व मूल्यांकन विभागांवर वर्षअखेरीचा ताण अजून आलेला नसतो. ताबा मार्च-एप्रिलमध्ये मिळाला, तर रंगकाम आणि फर्निचर उरकून राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडण्यापूर्वी राहायला जाता येते. भाड्याने राहणाऱ्यांनी अकरा महिन्यांचा करार संपण्याची तारीखही याच सुमारास येईल असे पाहावे.

व्याजदरासाठी थांबावे का

रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती वर्षातून सहा वेळा बैठक घेते आणि प्रत्येक बैठकीपूर्वी ‘दर कमी होईपर्यंत थांबा’ असा सल्ला ऐकू येतो. ५० लाखांच्या वीस वर्षे मुदतीच्या कर्जावर ८.५० टक्के दराने हप्ता सुमारे ४३,४०० रुपये आणि ८.२५ टक्के दराने सुमारे ४२,६०० रुपये येतो. पाव टक्क्याचा फरक महिन्याला साधारण ८०० रुपयांचा आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर) बाह्य निर्देशांकाशी जोडलेली असतात. म्हणजे दर खाली आले तर आधी घेतलेल्या कर्जाचा दरही खाली येतो, आणि वर गेले तर उशिरा घेतलेल्या कर्जालाही सूट नाही. म्हणून दरासाठी खरेदी अडवून धरण्यात मला अर्थ दिसत नाही. थांबायचेच असेल तर स्वतःच्या पैशासाठी थांबावे. वरील ८० लाखांच्या सदनिकेवर बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देऊ शकते. उरलेले १६ लाख आणि मुद्रांक शुल्क, जीएसटी व नोंदणी फीचे ९ लाख ९० हजार, असे जवळपास २६ लाख रुपये आपल्या खिशातून जातात. मुदत ठेव केव्हा पिकते, बोनस केव्हा हाती येतो, या तारखांवर साठेखताची तारीख बेतावी. कर्जमंजुरीचे पत्र साधारण तीन ते सहा महिनेच चालते, त्यामुळे जूनमध्ये मंजुरी घेऊन फेब्रुवारीत दस्त करण्याचा बेत आखला तर कागद पुन्हा द्यावे लागतील.

नव्या प्रकल्पात महिन्यापेक्षा टप्पा महत्त्वाचा

बिल्डरकडून नवे घर घेताना कॅलेंडरपेक्षा इमारत बांधकामाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे अधिक निर्णायक ठरते. पूर्णत्वाचा दाखला किंवा भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर विकलेल्या सदनिकेवर जीएसटी लागत नाही, मात्र त्यासाठी संपूर्ण मोबदला त्यानंतरच दिलेला असावा लागतो. भोगवटा प्रमाणपत्र दोन महिन्यांवर आले असताना दसऱ्याच्या मुहूर्तासाठी एक लाख रुपयांचे टोकन दिले, तर त्या मुहूर्ताची किंमत वरच्या उदाहरणात ४ लाख रुपये पडू शकते. बिल्डरलाही हे ठाऊक असते आणि तयार घराचा भाव तो त्या हिशेबाने चढवतो, म्हणून दोन्ही बाजूंचा एकूण आकडा कागदावर मांडून पाहावा.

बांधकामाच्या सुरुवातीला घेतलेले घर स्वस्त पडते, हे खरे आहे. परंतु त्या स्वस्ताईत दोन-तीन वर्षांचे भाडे आणि विलंबाची जोखीम मिसळावी लागते. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची तिमाही प्रगती आणि पूर्णत्वाची जाहीर तारीख पाहता येते. तीत एकदा मुदतवाढ घेतली असेल, तर त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्पही तपासावेत. चौकशी मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केली तर वर्षअखेरीच्या विक्रीचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत असलेला बिल्डर मजल्यामागे लागणारा जादा दर सोडून देण्यास तयार होतो. जाहीर दर मात्र तो सहसा हलवत नाही, कारण आधीचे खरेदीदार विचारायला येतात.

ज्यांना थांबता येत नाही

बदली, लग्न, आजारपण किंवा पुनर्विकासासाठी रिकामे करावे लागणारे घर, अशा कारणांनी ज्यांची तारीख दुसऱ्यानेच ठरवली आहे, त्यांना हंगामाची निवड नसते. त्यांनी डिसेंबरमध्ये जुने घर घेतानाही मागच्या पावसाळ्यातील गळतीबद्दल शेजाऱ्यांना विचारावे. सोसायटीच्या तक्रारवहीत जुलै-ऑगस्टची पाने चाळली, तर पाऊस न पाहताही बरेच कळते. परदेशात राहणारी मराठी कुटुंबे बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत घरे पाहतात आणि दस्तासाठी नातेवाइकाला मुखत्यारपत्र देतात. परदेशात केलेले असे पत्र येथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, म्हणून ते फार आधी पाठवून ठेवू नये.

जुने घर विकून नवे घेणाऱ्यांची मुदत आयकर कायदा ठरवतो. विक्रीच्या नफ्यावरील करसवलतीसाठी नवे घर विक्रीपूर्वी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांच्या आत घ्यावे लागते, आणि स्वतः बांधायचे असेल तर तीन वर्षे मिळतात. तोपर्यंत नफ्याची न वापरलेली रक्कम साध्या बचत खात्यात ठेवून चालत नाही. आयकर विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी ती भांडवली नफा खाते योजनेत जमा करावी लागते. हे खाते ग्रामीण शाखांत उघडता येत नाही, त्यामुळे आपल्या बँकेची कोणती शाखा त्यासाठी अधिकृत आहे, याची चौकशी जूनमध्येच करून ठेवावी.